पँगाँग हुकलं, लेह गवसलं!

आपल्या सुट्टीचं गणित ठरलेलं असतं. बॉसच्या मागे लागून मिळवलेली पाच दिवसांची रजा, तिला पुढचे-मागचे शनिवार-रविवार जोडायचे आणि मग एक्सेल शीट! त्या शीटमध्ये आजारपणाचा कॉलम नसतो. लेहला जाणार असाल, तर तो ठेवाच.

कारण साधं आहे. लेह साधारण ३५०० मीटर उंचीवर आहे. विमानातून उतरलं, की प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश ऑक्सिजन कमी! शरीराला जुळवून घ्यायला वेळ लागतो. कुणाला एक दिवस पुरतो, कुणाला चार. जिमचं कार्ड दाखवून इथे डिस्काउंट मिळत नाही, बॉस!

आम्ही पाच जण होतो. पहिले दोन दिवस फक्त आराम, असं आधीच ठरलेलं. तिसऱ्या सकाळी बाकीचे चौघं टुणटुणीत. माझं मात्र डोकं ठणकत होतं, जेवण समोर आलं की मळमळत होतं. डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, गोळ्या दिल्या आणि बजावलं, डोकेदुखी पूर्ण थांबेपर्यंत आणखी वर जायचं नाही. पँगाँगचा रस्ता चांग-ला खिंडीतून जातो, ५३०० मीटरच्याही वरून. विषय संपला! 'थ्री इडियट्स' (२००९) पाहिल्यापासून ज्या तलावाचं वेड होतं, तिकडे मी बाकीच्यांना हट्टाने पाठवलं. गाडी वळली आणि मग उशीत तोंड खुपसून रडून घेतलं.

दुपारी होमस्टेच्या काकू गरमागरम थुक्पा घेऊन आल्या. सगळे त्यांना 'आमा-ले' म्हणायचे. आमा म्हणजे आई आणि 'ले' हे आपल्या 'जी'सारखं. दोन घोट पोटात टिकले, यात काय सुख असतं ते मळमळ अनुभवलेल्यालाच कळेल!

खिडकीखालून एक छोटा पाट वाहत होता. त्याचा आवाज ऐकत मी तासन्‌तास पडून राहिले. लडाखमध्ये पाऊस जेमतेम, शेती चालते ती वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, हे ठरवायला गावोगावी 'चुरपोन' नेमण्याची जुनी पद्धत आहे, हे आमा-लेंनीच सांगितलं. गाडीच्या काचेतून हे कधी दिसलं असतं?

दुसऱ्या दिवशी भूक परतली. नाश्त्याला जाडजूड, खरपूस लडाखी पाव आणि जर्दाळूचा जॅम. पावाचं नाव काय, तर 'खंबीर'! मराठी माणसाला आजारपणात यापेक्षा बरा शकुन कोणता? संध्याकाळी हळूहळू चालत मेन बाजारात गेले. फूटपाथवर भाजी मांडून बसलेल्या बायका, वर सतराव्या शतकातला नऊ मजली राजवाडा आणि येता-जाता 'जुले'. नमस्कार, थँक्यू, बाय, सगळ्याला हा एकच शब्द!

मित्रमंडळी निळ्याशार पाण्याचे फोटो घेऊन परतली. जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्यापैकी कुणालाही आमच्या गल्लीतल्या पाटाचा पत्ता नव्हता.

तुम्ही जाल तेव्हा एवढं करा. एक दिवस मोकळा ठेवा. डोकं दुखत असेल तर वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर लगेच डॉक्टर गाठा आणि खाली उतरा. आणि नुसतं पडून राहायची वेळ आलीच, तर खिडकीजवळची खाट मागून घ्या!