माळावर मुरूम, ओढ्याकाठी काळी

सांगली किंवा सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या गावाच्या माळावरून खाली ओढ्यापर्यंत चालत जा. माळावर वीतभर मुरमाड माती, उताराच्या मध्यावर मध्यम काळी आणि ओढ्याकाठी पुरुषभर खोल काळीभोर जमीन! खालचा बसाल्ट खडक एकच, पाऊसही एकच. मग मातीत एवढा फरक का?

उत्तर आहे उतारात आणि निचऱ्यात. चढावर पाणी थांबत नाही, ते बारीक माती धुऊन नेते आणि मागे मुरूम उरतो. ही माती सखल भागात साचते. खडकातून विरघळलेला चुना आणि इतर क्षारही तिथेच मुरतात. त्यांच्यामुळे तेथे पाण्याने फुगणारी चिकणमाती बनते. म्हणूनच काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृदाशास्त्रज्ञ जेफ्री मिल्न यांना पूर्व आफ्रिकेच्या टेकड्यांवर मातीची अशीच क्रमवार मांडणी दिसली. १९३५ मध्ये त्यांनी तिला 'कॅटेना', म्हणजे साखळी, असे नाव दिले.

साखळीचा शेवटचा दुवा सर्वांत कसदार, पण धोकाही त्यालाच. कृष्णाकाठी उसाला पाणी मुबलक मिळाले, मात्र ते बाहेर पडायला वाट राहिली नाही. वरच्या रानात दिलेले जादा पाणी खालच्या रानात पाझरते, भूजल वर चढते. उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत अशा रीतीने हजारो एकर सुपीक जमीन क्षारपड झाली. तळाचे छिद्र बुजलेल्या कुंडीत रोज पाणी ओतले तर रोप पिवळे पडते आणि मातीवर पांढरा थर येतो. तोच हा प्रकार!

यावर उपाय आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून साचलेले पाणी ओढ्यात सोडता येते. चोपण जमिनीला मातीपरीक्षणानुसार जिप्सम द्यावे लागते. पण निचरा नसेल तर तो खर्चही वाया जातो. शिवाय एकट्याने पाइप टाकून भागत नाही. पाणी शेजाऱ्याच्या बांधावरूनच पुढे जाणार, म्हणून सर्वांनी मिळून चर काढणे आणि ओढे मोकळे ठेवणे गरजेचे असते. वरच्याने ठिबक वापरले तर खालच्याचे रान वाचते.

आपण शेत विकत घेणार असाल तर नुसत्या काळ्या रंगावर भाळू नका. उन्हाळ्यात तिथे पांढरे फुटते का आणि पावसाचे पाणी कुठून बाहेर जाते, हे आधी विचारा.