हजार यार्डांची चांदमारी : पालघर–बोईसर पट्ट्यातील जागा, दिशा आणि वारा

लांब पल्ल्याच्या रायफल-नेमबाजीसाठी मैदान आखणे हा वरवर पाहता क्रीडाक्षेत्राचा किंवा फार तर स्थापत्याचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो प्रथम भूगोलाचा प्रश्न आहे. ५० मीटरांच्या मैदानात भिंती, छत आणि पडदे यांच्या साहाय्याने निसर्गाला बरेचसे बाहेर ठेवता येते. १,००० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१४ मीटरांवर, ते शक्य नसते. तेथे डोंगराची दिशा, सूर्याची गती, दिवसभरात फिरणारा वारा आणि भोवतालची वस्ती हीच मैदानाची खरी सामग्री होय. पालघर, बोईसर आणि तारापूर यांच्या परिसरात असे मैदान कल्पिले, तर स्थळनिवडीच्या या सर्व अटी एकमेकींशी कशा भांडतात आणि त्या भांडणातून स्पर्धेचे स्वरूप कसे ठरते, हे स्पष्टपणे दिसते.

महाराष्ट्रात नेमबाजीची परंपरा दुबळी नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकाविले. परंतु वरळी काय किंवा पुण्याचे बालेवाडी काय, आपल्या नागरी रायफल-नेमबाजीचे संस्कार झाले ते १० आणि ५० मीटरांवर. लांब पल्ल्याचा गोळीबार हा लष्कराचा प्रांत राहिला, आणि त्याचे कारण मुख्यतः जमीन हे आहे.

जमिनीचा हिशेब साध्या अंकगणिताने मांडता येतो. लक्ष्यापर्यंतची एक किलोमीटर लांब आणि शंभर मीटर रुंद पट्टी घेतली, तर ती १० हेक्टर भरते. तथापि ७.६२ मिलिमीटर जातीची गोळी, नळी पुरेशी वर उचललेली असल्यास, सुमारे ४ किलोमीटर जाऊ शकते. गोळीबाराच्या रेषेच्या दोन्ही बाजूंस केवळ दहा-दहा अंश सोडले आणि ४ किलोमीटर त्रिज्येचा पंखा आखला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८० हेक्टर होते. नेम लागण्यास १० हेक्टर पुरतात. नेम चुकण्यास २८० लागतात.

ही धोक्याची भूमी रिकामी असते, असे नकाशावर गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ती क्वचितच रिकामी असते. १८६० साली इंग्लंडमधील विम्बल्डन येथे राष्ट्रीय रायफल संघाचे पहिले संमेलन भरले, तेव्हा तो माळ मोकळा होता. लंडनची वस्ती वाढत गेली, रायफलींचा पल्लाही वाढला आणि १८९० साली संघाला बिस्ली येथे स्थलांतर करावे लागले. अमेरिकेतील लाँग आयलंडवर १८७३ साली सुरू झालेले क्रीडमूर हे मैदानही कालांतराने ओस पडले आणि पुढे त्या जागी मनोरुग्णालय उभे राहिले. आज क्रीडमूर हे नाव जगभर एका लोकप्रिय काडतुसाच्या रूपाने उरले आहे. महाराष्ट्रात अहिल्यानगरजवळील खारे कर्जुने येथील लष्करी गोळीबार-क्षेत्राचा प्रश्नही याच जातीचा. १९३८ च्या गोळीबार-सराव कायद्यान्वये वेळोवेळी अधिसूचित होणाऱ्या जमिनींमुळे राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतील गावांना दीर्घकाळ अनिश्चिततेत राहावे लागले आहे.

या पार्श्वभूमीवर पालघरचा नकाशा पाहावा. पश्चिमेस समुद्र, खाड्या, खाजणे आणि मिठागरे. त्यामागे वाड्यांची आणि भातशेतीची सखल पट्टी. तीतून उत्तर-दक्षिण धावणारा पश्चिम रेल्वेचा मार्ग. आणि रेल्वेच्या पूर्वेस पुन्हा उत्तर-दक्षिण पसरलेल्या डोंगररांगा. पालघर गावाहून मनोरकडे जाताना वाघोबा खिंडीत ही रांग ओलांडावी लागते. काळदुर्ग तेथेच उभा आहे. किनारपट्टीचा विचार आरंभीच सोडून द्यावा लागतो. तारापूर येथे १९६९ पासून अणुविद्युत् केंद्र आहे, आणि त्याच्या आसपास गोळीबाराचे मैदान कोणी सुचविणार नाही. शिवाय या किनाऱ्याने एकदा जमीन दिलेली आहे : केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठविण्यात आली. बोईसरची औद्योगिक वसाहत, द्रुतगती रेल्वेचे बांधकाम आणि उत्तरेस डहाणू तालुक्यावर १९९१ पासून असलेले पर्यावरणीय निर्बंध लक्षात घेता उरते ती डोंगराच्या पश्चिम पायथ्याची पट्टी.

येथे दिशेचा प्रश्न उपस्थित होतो. उत्तर गोलार्धात मैदान उत्तराभिमुख असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. नेमबाजाने उत्तरेकडे तोंड केले म्हणजे सूर्य दिवसाचा बहुतेक काळ त्याच्या पाठीशी राहतो आणि लक्ष्य उजळलेले दिसते. पालघरमध्ये मात्र उत्तर-दक्षिण रांगांना समांतर अशी रेषा आखली, तर लक्ष्यामागे डोंगर येत नाही. वर सांगितलेला २८० हेक्टरांचा पंखा मग शेतांवर आणि पाड्यांवर उघडतो. उलट मैदान पूर्वाभिमुख केले, तर मातीच्या बांधामागे प्रत्यक्ष डोंगर उभा राहतो आणि चुकलेल्या गोळीचा मार्ग बव्हंशी तेथेच संपतो. दगडावर आपटून उसळलेल्या गोळीचा हिशेब तेव्हाही करावाच लागतो. शिवाय त्या उतारावर वन आहे आणि सरपणासाठी किंवा गुरांमागे डोंगरात जाणारी माणसे आहेत. परंतु उत्तराभिमुख रेषेच्या तुलनेने धोका पुष्कळच आकुंचित होतो. प्रकाश एक दिशा मागतो आणि सुरक्षितता दुसरी. अशा वेळी सुरक्षिततेचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे सांगावयास नको. उरतो तो प्रश्न एवढाच, की पूर्वाभिमुख मैदानावर चांगली स्पर्धा होऊ शकते काय?

या प्रश्नाचे उत्तर वाऱ्यात आहे. वाऱ्याने गोळी किती सरकते, याविषयी एक चुकीची समजूत प्रचलित आहे. गोळी जितका वेळ हवेत असते, तितका वेळ वारा तिला आपल्या वेगाने वाहून नेतो, अशी ती समजूत. प्रत्यक्षात गोळीचे विचलन तिच्या उड्डाणकाळावर अवलंबून नसून तिच्या विलंबावर अवलंबून असते. नळीतून सेकंदास ९०० मीटर वेगाने सुटलेली गोळी निर्वात प्रदेशात ९१४ मीटर अंतर सुमारे १.०२ सेकंदांत कापील. हवेच्या रोधामुळे तीच गोळी सुमारे १.५ सेकंद घेते. हा जो अर्ध्या सेकंदाचा विलंब, त्यास आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणिले असता विचलन मिळते. आडवा वारा सेकंदास ४ मीटर असेल, तर हजार यार्डांवर गोळी २ मीटर सरकेल. तीनशे मीटरांवर विलंब सेकंदाचा पंचविसावा भाग, म्हणून विचलन १५-१६ सेंटिमीटर. अंतर तिप्पट झाले असता विचलन बारापट होते. लांब पल्ल्याची नेमबाजी ही आखूड पल्ल्याच्या नेमबाजीची केवळ मोठी आवृत्ती नव्हे, ती या कारणाने.

अमेरिकन पद्धतीच्या हजार यार्डी लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ २० इंच व्यासाचे, म्हणजे मध्यापासून सुमारे २५ सेंटिमीटरांचे असते. वाऱ्याचा अंदाज सेकंदास अर्धा मीटर चुकला, की मध्यावर जाणारी गोळी त्या वर्तुळाच्या कडेवर जाते.

आता पालघरचा वारा. पावसाळा वगळता येथे रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. सकाळ चढू लागली, की ते मंदावतात आणि त्यांची जागा खारे वारे घेतात. हे खारे वारे प्रथम पश्चिमेकडून येतात आणि दिवस उतरू लागतो तसे पृथ्वीच्या परिवलनामुळे वायव्येकडे वळत जातात. पूर्वाभिमुख मैदानावर सकाळी सूर्य डोळ्यांवर असतो. तेव्हा गोळीबार करणे व्यर्थ. दुपारनंतर सूर्य पश्चिमेकडे सरकतो आणि डोंगराची पश्चिम बाजू, तिच्या पुढील लक्ष्यांसह, उजळून निघते. म्हणजे स्पर्धेची वेळ दुपारची ठरते, आणि नेमक्या त्याच वेळी खारा वारा नेमबाजाच्या पाठीमागून येत असतो.

पाठीमागचा वारा सोपा, असे नवख्यास वाटते. हिशेब उलट सांगतो. सेकंदास ५ मीटर वेगाचा वारा समजा अचूक पाठीमागून येत आहे आणि त्याची दिशा दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा अंश डोलत आहे. त्याचा आडवा घटक प्रत्येक बाजूस १.३ मीटर होतो. अर्ध्या सेकंदाने गुणिले असता गोळी एकदा ६५ सेंटिमीटर डावीकडे आणि क्षणभराने तितकीच उजवीकडे जाईल. एकूण फरक १३० सेंटिमीटर. तोच वारा काटकोनात येत असता आणि तितकाच डोलला असता, तर आडवा घटक ५ वरून ४.८३ वर येईल आणि फरक पडेल तो ८-९ सेंटिमीटरांचा. काटकोनी वाऱ्यात वेगाचे चढउतार त्रास देतात हे खरे. पण ते दिसतात. झेंडे ताणतात, सैल पडतात. तापलेल्या जमिनीवरील मृगजळ दुर्बिणीतून प्रवाहासारखे एका दिशेने वाहताना दिसते आणि त्याच्या गतीवरून अनुभवी नेमबाज वारा मोजतो. वारा पाठीशी आला, की मृगजळ वाहण्याचे थांबते आणि जागच्या जागी उकळू लागते. ज्या क्षणी माहितीची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी हे साधन मुके होते.

पुढे दुपार कलली, की वारा वायव्येस जातो आणि पूर्वाभिमुख रेषेशी सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन करतो. सेकंदास ५ मीटर वाऱ्याचा आडवा घटक तेव्हा साडेतीन मीटर, विचलन पावणेदोन मीटर. मृगजळ पुन्हा वाहू लागते. एकाच मैदानावर, एकाच दुपारी, दोन निराळ्या परीक्षा निसर्ग घेतो. स्पर्धेचा कार्यक्रम या क्रमास धरून आखता येतो : वारा पाठीशी असताना ३०० आणि ६०० यार्ड, आणि वारा वळल्यावर १,००० यार्ड. ज्यांना अधिक कठीण सामना हवा असेल, त्यांनी हाच क्रम उलटावा.

स्पर्धा कठीण ठेवण्याचा रूढ उपाय निराळा आहे, तो म्हणजे लक्ष्य लहान करणे. रायफली, दुर्बिणी आणि काडतुसे सुधारत गेली, की पूर्ण गुण मिळविणारे वाढतात आणि गुणफलक निर्णय देईनासा होतो. १० मीटर एअर रायफलचे दहा गुणांचे वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका झाले, आणि तेही अपुरे पडून २०१३ पासून पात्रता फेरीतही दशांश गुण मोजले जाऊ लागले. हजार यार्डांच्या एफ-क्लास प्रकारात, जेथे आधार आणि दुर्बीण दोन्ही वापरता येतात, दहाचे वर्तुळ २० इंचांवरून १० इंचांवर आणले गेले. आखूड पल्ल्यावर याला पर्याय नाही. लांब पल्ल्यावर मात्र लक्ष्य आक्रसण्याने शस्त्राची आणि खर्चाची परीक्षा वाढते. वारा वाचणाऱ्या डोळ्याची त्या प्रमाणात वाढतेच असे नाही. वर्तुळ फारच लहान झाले, तर वाऱ्याच्या एका झुळकीत सापडलेला आणि न सापडलेला यांत केवळ दैवाचा भेद उरतो.

त्याहून उपयुक्त साधन नियमांत आहे. अमेरिकन पद्धतीत नेमबाज एकामागून एक गोळ्या स्वतःच्या गतीने झाडतो. अनुकूल वारा येईपर्यंत थांबण्याची त्यास मुभा असते. बिस्लीच्या पद्धतीत दोन किंवा तीन नेमबाज एकाच लक्ष्यावर आळीपाळीने गोळी झाडतात आणि आपली पाळी आली, की ४५ सेकंदांत घोडा ओढावा लागतो. वारा निवडण्याचे स्वातंत्र्य जाते आणि समोर येईल तो वारा वाचावा लागतो. पालघरच्या डोलणाऱ्या पश्चिम वाऱ्यात हा नियम लावला, तर २० इंचांचे वर्तुळ अनेक वर्षे पुरेल. लक्ष्य लहान करण्याची घाई नको.

लक्ष न ठरल्याने काय होते, याचे उदाहरण क्रीडमूर येथेच घडले. १८७४ साली आयर्लंड आणि अमेरिका यांचा ८००, ९०० आणि १,००० यार्डांवर सामना झाला. अमेरिकेस ९३४ गुण, आयर्लंडला ९३१. आयर्लंडच्या मिल्नर याची एक गोळी अचूक मध्यावर बसली होती, पण शेजारच्या लक्ष्यावर. तिला शून्य मिळाले. मध्याला त्या काळी ४ गुण होते. ते मिळते, तर आयर्लंड एका गुणाने जिंकते. त्या सामन्यात लक्ष्याचा आकार नव्हे, तर दीर्घ सामन्यातील मनाचा थकवा निर्णायक ठरला असावा.

मैदानाच्या बांधणीविषयी दोन गोष्टी स्थानिक आहेत. गोळीचा आवाज टिपून तिचे स्थान सांगणारी विद्युत् लक्ष्ये अलीकडे वापरली जातात. त्यांना गोळी ध्वनीहून वेगवान असावी लागते. पालघरच्या ३३ अंश सेल्सिअस तापमानात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३५० मीटर असतो आणि हजार यार्डांवर पोहोचणारी गोळी त्याहून थोडीच अधिक वेगवान असते. येथे खंदकात बसून लक्ष्य खाली-वर करणारी माणसेच अधिक विश्वसनीय, आणि स्थानिकांना कामही मिळते. दुसरी गोष्ट शिशाची. बांधात साचलेले शिसे मुसळधार पावसात मातीतून ओढ्यात आणि विहिरींत उतरू शकते. बांधाची माती ठराविक काळाने चाळून शिसे काढणे, चुन्याने आम्लता आटोक्यात राखणे आणि वाहते पाणी तळ्यात अडविणे, हा खर्च आराखड्यात पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे.

अखेरीस परवानगीचा प्रश्न. शस्त्र आणि काडतुसे यांविषयी १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे नियम आहेत. पायथ्याला वन असल्यास १९८० चा वनसंवर्धन कायदा लागतो. जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि १९९६ च्या पेसा कायद्यान्वये तेथे जमीन संपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो. २००६ च्या कायद्याने मिळालेले वनहक्क डोंगरउतारावरही असू शकतात. म्हणून ग्रामसभेपुढे जो नकाशा ठेवावयाचा, त्यावर १० हेक्टरांची पट्टी दाखवून भागणार नाही. गोळीबाराच्या दुपारी डोंगरातील कोणत्या पायवाटा किती तास बंद राहतील आणि लाल निशाण कोठून दिसेल, हे त्यावर आधी आखलेले असले पाहिजे.