चौदा अक्षरांचा छापखाना

दुसऱ्या सरफोजी महाराजांनी तंजावूरच्या राजवाड्यात इ. स. १८०५ मध्ये देवनागरी छपाईचा कारखाना उघडला. इसापाच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ हे तेथलेच. या कारखान्याचे नाव होते ‘नवविद्याकलानिधिवर्णयंत्रशाला’.

नाव लांब खरे, पण उगीच लांबविलेले नव्हे. संस्कृत समास शेवटाकडून सोडवीत यावा. शाला कशाची? यंत्राची. यंत्र कशाचे? वर्णांचे. वर्ण म्हणजे रंग, जात आणि अक्षरही; यंत्र म्हणजे मांत्रिकाची आकृतीसुद्धा. सुटे असताना दोन्ही शब्द चकवितात. शेजारी बसले की एकमेकांचा अर्थ बांधून टाकतात. अक्षरे उमटविणारे यंत्र ते वर्णयंत्र. पुढचा निधी विद्यांचा आणि कलांचा. अडचण आहे ती ‘नव’ची. नव म्हणजे नऊ की नवीन? व्याकरणाला दोन्ही मान्य. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाचे नि विज्ञानाचे ग्रंथ हौसेने जमविणाऱ्या राजाला नवीनच अभिप्रेत असणार.

आता उच्चार. अक्षरे चौदा, छंदशास्त्राच्या मापाने सात लघू, सात गुरू, मात्रा एकवीस. ‘विद्या’तील वि, ‘वर्ण’मधील व ऱ्हस्व असूनही गुरू ठरतात, कारण पुढे जोडाक्षर आहे, बोलतानाही जोर तेथेच पडतो. मराठी तोंडात मात्र ‘नव’चा अंत्य अकार गळतो आणि तेरा ठोकेच उरतात. ‘वर्ण’ व ‘यंत्र’ यांचा टिकतो, तो जोडाक्षराच्या आधाराने. ‘निधी’ एकटा असता दीर्घ, समासात पूर्वपदी आला की ऱ्हस्व. तो येथे लांबविला तर सात-सातांचा तोल जातो. दम घ्यायचाच तर ‘निधि’नंतर घ्यावा. ‘कला’नंतर थांबल्यास निधी वर्णयंत्राला जाऊन चिकटतो आणि विद्या-कला वाऱ्यावर राहतात!

फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा मोठा उद्योग शिवाजी महाराजांच्या काळी ‘राजव्यवहारकोशा’ने केला होता. ‘वर्णयंत्रशाला’ त्याच घडणीची. फरक इतकाच, की येथे वस्तूच नवी होती. मराठीने पुढे उचलला तो ‘छापखाना’: छाप देशी, खाना फारसी, उच्चारात तीन ठोके. समितीने घडविलेला नव्हे, कामगाराच्या तोंडचा. राजवाड्यातील सरस्वती महालात मोडी कागदांचे रुमाल आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्दही तोडून लिहीत नाहीत. तिथे असे चौदा अक्षरी नाव आले, तर पदे कोठे तोडायची ते वाचणाऱ्याच्या कानानेच ठरवावे लागते.