जग बुडाल्यानंतरचा खानदेश

पडद्यावर जग बुडतं तेव्हा ते बहुधा अमेरिकेत, नाहीतर ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात बुडतं. ‘मॅड मॅक्स’पासून ‘द वॉकिंग डेड’पर्यंत गोष्टीचा सांगाडा तोच. राज्य संपलेलं, गावं ओस, धान्य आणि हत्यार ज्याच्या हाती तो म्होरक्या. त्याच्यापुढे पेच एकच: दारात आलेल्या परक्याला आत घ्यायचं की तिथेच संपवायचं? मराठीत जयंत नारळीकरांनी ‘हिमप्रलय’मध्ये थेट मुंबईवर बर्फ पाडला आणि शास्त्रज्ञाचा इशारा सत्तेच्या कानात कसा शिरत नाही ते दाखवलं. मात्र मोडून पडलेल्या मुलखात माणसं प्रत्यक्षात कशी वागली हे पाहायचं, तर कल्पनेचीही गरज नाही. खानदेशातल्या भडगावात उभं राहिलं की थाळनेर, मालेगाव, चाळीसगाव, धरणगाव ही सगळी ठिकाणं शंभरेक किलोमीटरच्या टप्प्यात येतात. या मुलखात दोनशे वर्षांपूर्वी जग खरोखरच बुडालं होतं.

१८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला. पाठोपाठ पावसाने दगा दिला आणि १८०३-०४ चा दुष्काळ पडला. शिंदे, होळकर, पेशवे, इंग्रज, सगळ्यांची लष्करं याच वाटेने गेली. त्यांच्यामागून पेंढारी आले. पगार थकलेले अरब शिपाई गढ्या बळकावून बसले. कसदार काळ्या जमिनीत झुडपं माजली आणि जिथे कापूस पिकायचा तिथे वाघ फिरू लागले.

या पडझडीत सर्वांत जास्त बदलला तो भिल्ल आणि गाव यांच्यातला व्यवहार. त्याआधी गावाची राखण भिल्लाकडे असे आणि त्याबद्दल गाव त्याला ठरलेला हक्क देत असे. गावच उठल्यावर हक्क कोण देणार? राखणदार लुटारू झाला. त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही. नवल आहे ते त्याच्याशी राज्यकर्ते कसे वागले याचं. पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने १८०४ च्या सुमारास भिल्लांना बोलणी करायला म्हणून कोपरगावी बोलावलं. ते आले. त्याने त्यांना पकडलं आणि बहुतेकांना दोन विहिरींत टाकलं. चाळीसगाव आणि धरणगावलाही अशाच कत्तली झाल्याच्या नोंदी आहेत. बाळाजीला बहुधा वाटलं असेल, प्रश्न मिटला. पुढची वीस वर्षं मात्र सरकारी माणसाच्या बोलावण्यावर डोंगरातून खाली उतरायला कुणी तयार नव्हतं.

इंग्रजांशी झालेल्या महिदपूरच्या लढाईनंतर, जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचा खानदेश इंग्रजांकडे आला. कागदावर आला, एवढंच. २७ फेब्रुवारीला इंग्रज सेनापती सर टॉमस हिस्लॉप तापीकाठच्या थाळनेरपुढे येऊन ठेपला. किल्लेदार तुळशीराम आधी लढला, मग बोलणी करायला दरवाज्याबाहेर आला. काही इंग्रज अधिकारी आत शिरले. आतल्या अरबांना भाषा कळेना, हेतूही कळेना. चकमक उडाली आणि मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅक्ग्रेगर मारले गेले. त्यावर हिस्लॉपच्या फौजेने आतल्या सुमारे तीनशे लोकांची कत्तल केली आणि त्याच दिवशी तुळशीरामाला फाशी दिली. चकमक झाली तेव्हा हा माणूस इंग्रजांच्याच ताब्यात होता. ब्रिटिश संसदेत फौजेच्या आभाराचा ठराव आला तेव्हा या फाशीवर प्रश्न उठले.

दहशत बसली की बाकीचे किल्ले आपोआप उघडतात, हा हिशेब जुना आहे. खानदेशात तो चुकला.

तीनच महिन्यांनी कर्नल मॅक्डॉवेलच्या तोफा मालेगावच्या भुईकोटापुढे लागल्या. भडगावच्या काठाने वाहणारी गिरणा वर मालेगावापाशीच मोसमला पोटात घेते. हा किल्ला त्या मोसमच्या काठचा. आतले अरब जवळजवळ महिनाभर हटले नाहीत आणि इंग्रजांचे दोनशेवर लोक मेले किंवा जखमी झाले. दारूकोठार उडालं तेव्हा अब्दुल कादर जमादार वाटाघाटीला आला, पण थाळनेरची बातमी त्याच्या आधीच पोचली होती. त्याने लेखी हमी मागितली. कागद तयार करणाऱ्या मुनशीच्या हातून इंग्रजांना द्यायचं होतं त्याहून जास्त लिहून गेलं. असा कागद फिरवणं विजेत्याला अगदी सोपं होतं. दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने मात्र अरबांनी त्याचा जो अर्थ घेतला तोच धरायचा असं ठरवलं. या सगळ्या काळातला सर्वांत शहाणा निर्णय कोणता, असं विचारलं तर या कागदाकडे बोट दाखवावं लागेल. त्यात शौर्य नाही, तोफा नाहीत. म्हणून तो कुणाच्या लक्षातही राहत नाही.

त्यानंतर इंग्रजांच्या वतीने खानदेशचा कारभार पाहायला कॅप्टन जॉन ब्रिग्ज आला. त्याने ठाणं धुळ्याला केलं, व्यापाऱ्यांना वसायला बोलावलं. भिल्लांच्या बाबतीत त्याचं धोरण दुहेरी होतं. डोंगराची रसद तोडायची, आणि खाली उतरेल त्या नाईकाला तनखा द्यायचा. १८१९ मध्ये चिल नाईकाला फाशीही झाली. तनखा घेऊन उतरलेले नाईक पुन्हा वर जात, पुन्हा पाठलाग होई. अनेक वर्षं हेच चाललं.

तोवर मुंबईचा गव्हर्नर झालेल्या एल्फिन्स्टनने १८२५ मध्ये पद्धत बदलली. कन्नडला कॅप्टन ओव्हन्सकडे भिल्लांना जमिनीवर वसवण्याचं काम दिलं आणि बी-बियाणं, बैल, अवजारं यांसाठी तगाई सुरू केली. भिल्लांचीच पलटण उभी करण्याचं काम बावीस वर्षांच्या जेम्स औट्रमकडे आलं. औट्रमने सुरुवात केली ती छापा घालूनच, हे विसरू नये. पकडलेल्यांमार्फत त्याने निरोप धाडले, मग स्वतः बिनहत्यारी त्यांच्यात जाऊन राहिला, त्यांच्यासोबत वाघाच्या शिकारी केल्या. तरी पहिल्या खेपेला हाती लागले अवघे नऊ जण. कोपरगावच्या विहिरी कुणी विसरलं नव्हतं. हे पुन्हा बोलावून मारायचं कारस्थान आहे, अशी अफवा सतत उठत राहिली. पलटणीचं ठाणं झालं धरणगाव, जिथे पूर्वी भिल्लांची कत्तल झाली होती. काही वर्षांनी ही पलटण मालेगावच्या छावणीत गेली तेव्हा तिथल्या उच्चवर्णीय शिपायांनी भिल्लांना शेजारी बसवून पानसुपारी दिली. औट्रमला त्याचं केवढं अप्रूप वाटलं!

औट्रमला त्यासाठी संत ठरवायचं कारण नाही. शब्द पाळणं इंग्रजांना स्वस्त पडत होतं. वाटा सुरक्षित झाल्या, सारा वसूल होऊ लागला, कापूस मुंबईला जाऊ लागला. गरज होती तोवर शब्द टिकला. भिल्लांचा खाज्या नाईक कंपनी सरकारच्याच नोकरीत सेंधव्याच्या घाटाची राखण करत होता. त्याच्या हातून एका चोराचा जीव गेला म्हणून त्याला तुरुंगात घातलं, सोडलं, १८५७ मध्ये पुन्हा कामावर घेतलं, आणि तो उलटला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला लढाई झाली. पकडलेल्या भिल्लांपुढे तिथल्या तिथे लष्करी न्यायालय भरलं आणि त्यांना गोळ्या घातल्या.

या सहा दशकांवर कुणाला कादंबरी किंवा मालिका लिहायची असेल तर साहित्य हाताशी आहे. कॅप्टन ग्रॅहमचा १८४३ चा भिल्लांवरचा वृत्तान्त आहे, १८८० चं खानदेश गॅझेटियर आहे. दोन्ही जेत्याने लिहिलेली, म्हणून त्यातला नायक ठरलेलाच. लिहिणाऱ्याने औट्रमला जरा बाजूला बसवावं आणि कागद मागणाऱ्या अब्दुल कादरपासून सुरुवात करावी.