उपग्रहाच्या पावसाला ढगातली साक्ष हवी

उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये उघडीप मिळाली म्हणून शहराचा धोका टळला, असं होत नाही. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून निघून कर्जत आणि बदलापूर ओलांडत इथे येते. वालधुनी अंबरनाथकडचं पाणी घेऊन भर वस्तीतून वाहते. इथला पूर वरच्या अंगाला पडलेल्या पावसावर ठरतो. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली, तेव्हा हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा वेळी घाटाकडे आत्ता किती कोसळतंय हे कळणं जीवनमरणाचं असतं. कड्याकपारींत पर्जन्यमापक विरळ, म्हणून नजर उपग्रहाकडे जाते. पण उपग्रह पाऊस मोजत नाही. ढगाकडून येणाऱ्या किरणांवरून तो पावसाचा अंदाज बांधतो. हा अंदाज आपल्या घाटातल्या ढगांना कितपत लागू पडतो, हे ढगात विमान नेऊन तपासल्याशिवाय त्यावर विसंबून राहणं योग्य नाही, असं माझं ठाम मत आहे.

अंदाजाची रीत पाहिली की कारण लक्षात येतं. इन्सॅट मालिकेतले उपग्रह ढगाच्या माथ्याचं तापमान टिपतात. माथा जितका थंड, तितका ढग उंच आणि पाऊस जास्त, असं त्यामागचं गृहीतक. सूक्ष्मलहरी टिपणारी उपकरणं जमिनीवरच्या पावसाचा माग मुख्यतः ढगातल्या बर्फकणांवरून काढतात. गडगडाटी उंच ढगांना हे बरंचसं लागू पडतं. सह्याद्रीत मात्र समुद्रावरची दमट हवा कड्यांना अडून वर चढते आणि पुष्कळदा कमी उंचीच्या ढगांतूनच, बर्फ फारसा न बनता, मुसळधार पाऊस पडतो. वरून पाहणाऱ्याला असा ढग किरकोळ वाटतो. पश्चिम घाटातला पाऊस उपग्रहांच्या आकड्यांत अनेकदा कमी भरतो, तो यामुळेच. नासा आणि जपानच्या जाक्सा या संस्थांनी २०१४ मध्ये सोडलेल्या जीपीएम उपग्रहावर रडार आहे आणि ते ढगाच्या आतही पाहतं. तरी डोंगराळ भागात जमिनीलगतचा थर त्याला नीट दिसत नाही. शिवाय २ मिलिमीटर व्यासाच्या एका थेंबात १ मिलिमीटरच्या ८ थेंबांइतकं पाणी असतं, पण रडारला तो ६४ थेंबांइतका प्रतिध्वनी देतो. थेंब किती मोठे आणि किती आहेत, याबद्दल काहीतरी गृहीत धरल्याशिवाय पावसाचा आकडा निघतच नाही.

ते गृहीतक खरं की खोटं, हे विमान सांगू शकतं. त्याच्या पंखांखालची उपकरणं लेसरच्या झोतातून जाणारे कण मोजतात, त्यांच्या आकृत्या टिपतात आणि ढगातलं पाणी मोजतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ मध्ये ‘कायपीक्स’ हा प्रयोग सुरू केला. २०१८ आणि २०१९ मध्ये त्याची विमानं सोलापूरहून उडाली. कृत्रिम पावसाचा अभ्यास हा त्याचा मोठा हेतू होता, पण ढगांच्या अंतरंगाची मोलाची मोजमापंही त्यातून मिळाली. हवेत कण जास्त असले की ढगात बारीक थेंबांची गर्दी होते आणि पाऊस सुरू होण्याआधी ढगाला आणखी उंच वाढावं लागतं, हे या उड्डाणांतून दिसलं. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांचा पट्टा डोळ्यांसमोर आणला, तर हा प्रश्न आपल्या किती जवळचा आहे हे उमगेल.

यावर पहिला आक्षेप असा की, पर्जन्यमापक वाढवले की झालं, विमानाची गरज काय? मापक वाढवलेच पाहिजेत. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा भरला नाही. जीपीएमवर आधारलेल्या नकाशातला एक चौकोन सुमारे ११ किलोमीटर लांबीचा असतो. त्यातला एखादा मापक साऱ्या चौकोनाची साक्ष देऊ शकत नाही. मापक चूक किती झाली ते सांगतो, का झाली ते सांगत नाही. आणि कारण कळल्याशिवाय गणित सुधारत नाही. त्यातही मापकांशी पडताळून दुरुस्त केलेले जीपीएमचे अंतिम आकडे काही महिन्यांनी येतात, पूर मात्र काही तासांत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उड्डाणं महाग, ती मोजक्याच ढगांत होतात आणि सर्वांत रौद्र ढगांत वैमानिक शिरूच शकत नाही. हे खरं आहे. म्हणून विमानाने मापकाची किंवा रडारची जागा घ्यावी, असं कोणी म्हणत नाही. अमेरिकेत ऑलिम्पिक पर्वतावर २०१५-१६ च्या हिवाळ्यात जीपीएमची पडताळणी झाली, तेव्हा विमानं, रडार आणि मापक एकत्र वापरले गेले. निवडक ढगांतून थेंबांचा नियम हाती लागला, की तो उपग्रहाच्या प्रत्येक फेरीला लावता येतो. खर्च एकदाचा, उपयोग वर्षानुवर्षांचा. सोलापूर मात्र पर्जन्यछायेत आहे. तिथले नियम कर्जत-बदलापूरच्या ढगांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. उल्हास खोऱ्यावर ऐन पावसाळ्यात, उपग्रह माथ्यावरून जाण्याच्या वेळा साधून उड्डाणं व्हावीत आणि त्याच काळात खाली उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पालिकांनी दाट मापक बसवून त्यांचे आकडे सर्वांसाठी खुले ठेवावेत. नदीकाठच्या माणसाला वेळेवर इशारा हवा असेल, तर त्यामागचा आकडा आधी आपल्याच ढगांत तपासलेला असला पाहिजे.