पहिला अल्बम आणि त्यावरचं नाव

गौरी-गणपतीत आपल्या बायका फुगडीची गाणी म्हणतात. हल्ली ती कुणीतरी मोबाईलवर घेतं आणि आठ दिवसांत ती गावोगाव फिरतात. मग बैठकीत विषय निघतो, आपल्या गटाचाही अल्बम काढू या का? जरूर काढावा. पण त्यात गाणारीच्या हाती काय पडतं, ते आधी बघू या.

अल्बम हा शब्द फोटोंच्या वहीवरूनच आला. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं. अशा काही तबकड्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून एकत्र विकत. पुढे एलपी आली, कॅसेट आली, सीडी आली, नाव तेच राहिलं. आता तर हातात धरायला काहीच नसतं, तरी अल्बमच!

तबकडीवर गाणारीचं नाव असणं मात्र सोपं नव्हतं. 1902 साली कोलकात्याला गौहर जान यांची गाणी ध्वनिमुद्रित झाली. गाणं संपलं की त्या स्वतःचं नाव इंग्रजीत ठणकावून सांगत. तबकड्या तेव्हा जर्मनीत तयार होत, तिथल्या माणसांना नाव कळावं म्हणून ही रीत पडली, असं सांगतात.

आपल्या लताबाईंचं बघा. 1942 साली, वय जेमतेम बारा, ‘किती हसाल’ या मराठी चित्रपटासाठी त्यांनी पहिलं गाणं गायलं. ते चित्रपटातून गाळलं गेलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वडील, मास्टर दीनानाथ, गेले आणि घरातली थोरली म्हणून कमावणं लताबाईंवर आलं. 1949 च्या ‘महल’ चित्रपटातलं त्यांचं गाणं देशभर गाजलं, पण तबकडीवर नाव छापलं होतं ‘कामिनी’. ते चित्रपटातल्या पात्राचं नाव! गाणारी कोण, असं लोक रेडिओला पत्रं लिहून विचारू लागले, तेव्हा खरं नाव बाहेर आलं.

नावानंतर पैसा. गायकाला एकदाच ठरलेली रक्कम मिळे, तबकड्या मग कितीही खपोत. विक्रीतला हिस्सा, म्हणजे रॉयल्टी, गायकांनाही मिळावी असं लताबाईंनी लावून धरलं. मोहम्मद रफींना ते पटलं नाही आणि दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. आम्हाला विचाराल तर आम्ही लताबाईंच्या बाजूने. कायद्यात गायकांच्या रॉयल्टीची तरतूद झाली ती थेट 2012 च्या दुरुस्तीने.

आता आपलं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं गाणं कुणा एकीचं नसतं. पण ते तुम्ही गायलात, तर त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला तुमची परवानगी लागते, आणि हा हक्क 50 वर्षं राहतो. गटातल्या एखादीने शब्द नव्याने रचले असतील, तर ते तिचे. तिच्यामागे 60 वर्षं तिच्या वारसांचे. म्हणून कुणी रेकॉर्डिंगला आलं तर कागद करून घ्या. त्यावर गाणारणींची, ढोलकीवाल्याची, शब्द रचणारीची नावं हवीत. पैसे एकदाच मिळणार की कमाईत हिस्सा, तेही लिहिलेलं हवं. कागद मोठ्याने वाचून घ्या, मगच सही करा. एक प्रत गटाच्या फाईलला लावा.