रक्तांतील साखर कोठें पाहावी?

चरकसंहितेंत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांमध्यें मूत्राकडे मुंग्या येणें हें एक लक्षण सांगितलें आहे. सांप्रत मुंग्यांची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं. ग्लुकोमीटरच्या पट्टीस रक्ताचा थेंब लावला कीं कांहीं क्षणांत साखरेचा आंकडा दिसतो. परंतु तो थेंब कोठून घ्यावा, ह्याचा विचार थोडेच लोक करितात. आंकडा पाहून औषध घ्यावयाचें असल्यानें हा विचार क्षुल्लक नव्हे.

बोटाचें टोक हेंच मुख्य स्थान होय. तेथें रक्ताचा प्रवाह वेगवान असल्यामुळें साखरेंतील बदल तत्काळ उमटतो. मात्र टोंचावें तें गादीच्या मधोमध नव्हे, तर कडेस. तेथें वेदना कमी होते. मधलें बोट, अनामिका व करंगळी आळीपाळीनें वापरावीं. रक्त येत नसेल तर हात खालीं सोडावा, बोट जोरानें पिळूं नये.

आमच्या निफाडकडे द्राक्षांच्या दिवसांत एक सावधगिरी विशेष हवी. सन २०११ मध्यें जपानांतील वैद्यांनीं निरोगी माणसांकडून संत्रें, द्राक्ष, किवी हीं फळें सोलविलीं व हात न धुतां बोटाचें रक्त तपासलें. आंकडा भलताच वाढलेला दिसला. स्पिरिटाच्या बोळ्यानें पुसूनही तो दोष गेला नाहीं. पाण्यानें हात धुतल्यावर मात्र खरा आंकडा मिळाला. अशा खोट्या आंकड्यावर विसंबून कोणी इन्सुलिन वाढविलें, तर साखर एकाएकीं उतरून शुद्ध हरपण्याचा प्रसंग येतो. यास्तव साबण व पाणी यांनीं हात धुवून ते कोरडे करावे, मगच सुई लावावी.

बोटें दुखतात म्हणून कांहीं जण कोपराखालील हातावर किंवा मांडीवर टोंचतात. यंत्राच्या माहितीपत्रकांत तशी मुभा असेल तरच तें करावें, आणि तेंही साखर स्थिर असतां, म्हणजे जेवणापूर्वीं. भोजन, व्यायाम वा इन्सुलिन यांनंतर तेथील आंकडा वीस-तीस मिनिटें मागें राहूं शकतो. एकादशीच्या उपवासांत औषध घेतलेल्या वडील माणसास घाम सुटला, हात कांपूं लागले, तर बोटच पाहावें. दंडावर चिकटविण्याचीं नवीं यंत्रें त्वचेखालील द्रवांतील साखर मोजतात. तींही कांहीं मिनिटें मागें असतात. लक्षणें व आंकडा जुळत नसल्यास तेव्हांही बोटाचीच साक्ष घ्यावी. पायाचें बोट मात्र कधींही टोंचूं नये. मधुमेह्याच्या पायाची जखम लवकर भरत नाहीं.

एकत्र कुटुंबांत यंत्र एक असलें तरी सुई प्रत्येकाची निराळी, व प्रत्येक वेळीं नवी असावी. सामायिक सुईनें हेपटायटिस बीसारखे रोग पसरतात. टोंचण्याची दांडीही प्रत्येकानें आपापली ठेवावी, आणि वापरलेल्या सुया मुलांच्या हातीं न लागतील अशा जाड डब्यांत टाकाव्या.